गुणांपलीकडची शाळा मांडणारे जे. पी. नाईक

खास प्रतिनिधी, मार्केट यार्ड, पुणे

दरवर्षी ५ सप्टेंबरला डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जयंतीनिमित्त देशभर शिक्षकदिन साजरा होतो. याच तारखेला, १९०७ मध्ये, तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील बहिरेवाडी या आजरा तालुक्यातील खेड्यात आणखी एका शिक्षणतज्ज्ञाचा जन्म झाला. स्वतंत्र भारताच्या शिक्षणाचा सर्वांत विस्तृत आराखडा ज्या अहवालाने मांडला, त्या अहवालाचे मुख्य लेखन त्यांच्या हातून झाले. युनेस्कोने जगभरातील शिक्षणविषयक विचारवंतांची जी मालिका प्रसिद्ध केली, तीत गांधीजी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. तरीही शिक्षकदिनाच्या भाषणांत जे. पी. नाईक हे नाव क्वचितच ऐकू येते.

आजच्या शाळांत अध्ययन निष्पत्ती, सातत्यपूर्ण मूल्यमापन, समग्र प्रगतीपत्रक हे शब्द रूढ झाले आहेत. मुलाला किती गुण मिळाले यापेक्षा त्याला काय येते हे पाहावे, असे सांगणारी परिपत्रके शिक्षकांच्या हाती पडतात. अनेकांना ही कल्पना परदेशातून आलेली आणि अगदी अलीकडची वाटते. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या मातीतल्या या गणिताच्या पदवीधराने तिचा पाया १९६६ मध्येच सरकारदरबारी लिहून दिला होता. तो का घातला गेला आणि त्यावर इमारत का उभी राहिली नाही, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

बहिरेवाडी ते बळ्ळारी

नाईक यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी स्वातंत्र्यचळवळीच्या काळात घेतले आणि पुढे तेच कायम राहिले. त्यांच्या बालपणी कोल्हापूर संस्थानात एक मोठा प्रयोग चालू होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा हुकूम काढला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक त्यापूर्वीच फेटाळले गेले होते. ब्रिटिश सरकारने जे नाकारले, ते एका संस्थानाने करून पाहिले. खेड्यातल्या सामान्य घरातील मुलापर्यंत शाळा पोचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार ज्या भूमीत रुजत होता, त्या भूमीत नाईक वाढले.

गणितात उत्तम प्रावीण्य मिळवून त्यांनी पदवी घेतली. सुखाची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि ते तीत उतरले. शिक्षा होऊन त्यांची रवानगी बळ्ळारीच्या तुरुंगात झाली. तेथे त्यांनी निरक्षर कैद्यांना शिकवले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि कन्नड भाषा आत्मसात केली. वर्ग नाही, वेळापत्रक नाही, परीक्षा नाही. समोरच्या माणसाला आज जे येते तिथून पुढे त्याला न्यायचे, एवढेच त्या शिकवण्याचे स्वरूप होते. पुढे त्यांनी शिक्षणाविषयी जे लिहिले, त्याच्या खुणा या काळात दिसतात.

उप्पिन बेटगेरीचे दिवस

सुटकेनंतर नाईक धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी जाऊन राहिले. ग्रामसफाई, औषधोपचार, साक्षरता आणि शाळा अशी कामे त्यांनी तेथे हाती घेतली. शिक्षण हा गावाच्या एकूण जगण्याचाच एक भाग आहे, ही त्यांची पुढील आयुष्यातील ठाम धारणा तेथे घडली. आईबापांची मजुरी, गावातील आजारपण, गुरे राखण्याचे काम आणि मुलाची शाळेतील गैरहजेरी या गोष्टी त्यांना वेगवेगळ्या करता येत नव्हत्या.

त्या काळी प्राथमिक शिक्षणापुढील सर्वांत मोठा प्रश्न गळती आणि स्थगन हा होता. स्थगन म्हणजे एकाच इयत्तेत पुन्हा पुन्हा बसवले जाणे. सायमन कमिशनच्या वतीने सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२९ मध्ये या प्रश्नावर बोट ठेवले. पहिलीत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी वीसही मुले वेळेत चौथीपर्यंत पोचत नाहीत, असे त्या समितीच्या आकड्यांवरून दिसले. समितीने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र असा होता की, शाळांची संख्या वाढवण्याची घाई करू नये, आधी दर्जा सांभाळावा. खेड्यात राहिलेल्या नाईकांना हे पटणारे नव्हते. दर्जाच्या नावाखाली गरिबाच्या मुलाला दाराबाहेर ठेवणे, हा त्यांना दर्जा वाटत नव्हता.

याच हार्टोग यांनी पुढे इंग्लंडमध्ये परीक्षांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास केला आणि १९३५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाने, किंवा काही काळानंतर त्याच परीक्षकाने तपासल्या, तर गुण बदलतात आणि पास झालेला नापास ठरू शकतो, असे त्यात आढळले. मुलांना एका इयत्तेत अडकवून ठेवणारी फूटपट्टीच सैल असल्याचा हा पुरावा होता.

इतिहासातील निकालांचा हिशेब

चाळीसच्या दशकात नाईक यांनी कोल्हापूर संस्थानात विकास आणि शिक्षण या क्षेत्रांत प्रशासकीय काम केले. त्याच दशकात, १९४३ मध्ये, सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत लिहिलेला ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा त्यांचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला. पुढे अनेक पिढ्यांच्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ अभ्यासाला वापरला.

गुणांची सत्ता शाळेवर कशी आली, हे या इतिहासातून उलगडते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ ची. तीत उत्तीर्ण झालेल्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक ही वास्तविक विद्यापीठात प्रवेश देण्याची परीक्षा. सरकारी नोकरीसाठी तिचे प्रमाणपत्र चालू लागल्यावर मात्र ती संपूर्ण शालेय शिक्षणाची मालकीण झाली. महाविद्यालयात कधीही न जाणाऱ्या मुलांचा अभ्यासक्रमही तीच ठरवू लागली.

दुसरे कारण अनुदानाचे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने निकालांवर आधारित अनुदानाची पद्धत आणली होती आणि मुंबई इलाख्यानेही ती उचलली. सरकारी तपासनीस शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि किती मुले किती विषयांत उत्तीर्ण झाली त्यावर शाळेचे अनुदान ठरे. साहजिकच उत्तीर्ण होण्याची खात्री असलेल्या मुलाला भाव आला. तपासनिसाच्या प्रश्नांची पाठांतरे सुरू झाली. मंद गतीने शिकणारे मूल शाळेच्या तिजोरीला तोट्याचे ठरले. इंग्लंडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत टाकून दिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती आपल्याकडेही मोडीत निघाली. पद्धत गेली तरी तिने लावलेली सवय गेली नाही. शाळेची किंमत तिच्या निकालावर करण्याची रीत आजही प्रवेशाच्या हंगामात शहराच्या प्रत्येक चौकातील फलकांवर दिसते.

एका शिक्षकाची शाळा

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नाईक यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली. शिक्षणाच्या प्रश्नांवर स्वतंत्रपणे संशोधन करणारी संस्था असावी, हा त्यामागील हेतू होता. पुढील काळात कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतचे शिक्षण आणि भोवतालच्या खेड्यांचा विकास एकत्र बांधण्याचा तो प्रयत्न होता.

या काळात त्यांनी एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. देशातील असंख्य खेड्यांत चार इयत्तांची मुले एका खोलीत बसत आणि त्यांना एकच गुरुजी शिकवीत. ही व्यवस्था म्हणजे केवळ गरिबीची तडजोड, असे शहरी शिक्षित मानत. नाईक यांनी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. अशा शाळेत मोठी मुले लहानांना शिकवतात, प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाऊ शकते आणि जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपणारी इयत्ता नावाची भिंत तितकी उंच राहत नाही. शिक्षकाला योग्य प्रशिक्षण आणि साधने दिली, तर ही उणीवच बलस्थान होऊ शकते, असा त्यांचा विश्वास होता.

सतरा सदस्य, एकवीस महिने

१९५९ पासून नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून काम करू लागले. या कामासाठी ते नाममात्र एक रुपया मानधन घेत. दिल्लीच्या सत्तावर्तुळात वावरूनही त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच राहिली.

१४ जुलै १९६४ रोजी केंद्र सरकारने शिक्षण आयोगाची नियुक्ती केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंग कोठारी हे त्याचे अध्यक्ष, तर नाईक सदस्य-सचिव होते. सतरा सदस्यांच्या या आयोगात परदेशी शिक्षणतज्ज्ञही होते. आयोगाने २ ऑक्टोबर १९६४ रोजी कामाला सुरुवात केली. बारा कार्यदले आणि सात कार्यगट नेमले गेले. सदस्य राज्याराज्यांत फिरले, सुमारे ९ हजार व्यक्तींशी बोलले आणि २ हजार ४०० च्या आसपास निवेदने व टिपणे त्यांच्यापुढे आली. एकवीस महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, शिक्षणमंत्री न्या. मोहम्मद करीम छागला यांना अहवाल सादर झाला. या प्रचंड सामग्रीला एकसंध रूप देण्याचे कष्ट प्रामुख्याने नाईक यांचे होते.

दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करण्याचे उद्दिष्ट, परिसरातील सर्व मुलांसाठी एकच समान शाळा या आयोगाच्या शिफारशी पुष्कळांना ठाऊक असतात. अध्यापनपद्धती आणि मूल्यमापन यांवरील नववे प्रकरण त्यामानाने दुर्लक्षित राहिले.

नवव्या प्रकरणात काय होते?

आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे होते. मूल्यमापन ही वर्षअखेरीस उरकण्याची गोष्ट नसून शिकवण्याबरोबर सतत चालणारी प्रक्रिया आहे. पहिली ते चौथी या इयत्ता शक्य तेथे वर्गविरहित ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक मूल स्वतःच्या गतीने पुढे जाईल. ते जमत नसेल तर निदान पहिली आणि दुसरी यांचा एकच गट मानावा. या वयात वाचन, लेखन, गणन ही मूलभूत कौशल्ये मुलाला किती आली हे पाहावे आणि त्याला पुढे जाण्यास मदत करावी. वरच्या इयत्तांत लेखी परीक्षेला तोंडी परीक्षेची जोड द्यावी. प्रत्येक मुलाचे संचयी नोंदपत्रक ठेवावे आणि ते त्याच्याबरोबर पुढील इयत्तेत जावे.

शालान्त परीक्षेविषयीची सूचना अधिक धाडसी होती. मंडळाच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याची विषयवार कामगिरी नोंदवावी, पण संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा शेरा मारू नये. ज्या विषयात कामगिरी सुधारायची असेल त्याची परीक्षा पुन्हा देण्याची मुभा असावी. शाळेने केलेले अंतर्गत मूल्यमापन बाह्य परीक्षेच्या गुणांत मिसळू नये, स्वतंत्र दाखवावे. निवडक प्रयोगशील शाळांना दहावीची परीक्षा स्वतः घेण्याचा अधिकार द्यावा. याच्या जोडीला, शालेय शिक्षणाच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर मुलांनी गाठावयाची किमान पातळी राष्ट्रीय स्तरावर स्पष्ट करावी, असेही आयोगाने म्हटले होते.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचणे आवश्यक आहे. एकीकडे नापासाचा शिक्का काढायचा आणि दुसरीकडे काय यायला हवे हे नेमके ठरवायचे. पातळी निश्चित ठेवायची आणि ती गाठण्याचा वेळ लवचीक ठेवायचा. प्रचलित परीक्षा नेमके उलटे करते. ती वेळ सर्वांना सारखा देते आणि जे येईल ते येईल असे म्हणून गुण मोजते. पस्तीस गुण मिळवून पुढच्या इयत्तेत गेलेल्या मुलाला उरलेले पासष्ट गुणांचे गणित येत नाही, याची नोंद कोठेच राहत नाही. पुढचे वर्ष त्या पोकळीवरच रचले जाते.

जगातही त्या सुमारास हेच विचार चालू होते. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम परीक्षा सुधारणेसाठी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस भारतात येऊन गेले होते. शैक्षणिक उद्दिष्टांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही आपल्या डी.एड. व बी.एड. अभ्यासक्रमांत शिकवले जाते. पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर बहुसंख्य मुले अपेक्षित पातळी गाठू शकतात, हा प्रभुत्व अध्ययनाचा सिद्धान्त त्यांनी १९६८ मध्ये मांडला.

हाती न लागणारा त्रिकोण

१९६८ मध्ये पहिले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. आयोगाच्या शिफारशींपैकी आकृतिबंध स्वीकारला गेला. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली. वर्षांची फेरमांडणी झाली, पाठ्यपुस्तके बदलली, परंतु वर्गातील शिकवणे आणि परीक्षेचा धाक तसाच राहिला. सांगाडा बदलणे सोपे असते, कारण त्यासाठी शासन निर्णय पुरतो. शिक्षकाने मुलाकडे पाहण्याची रीत बदलायची तर त्याला वेळ, प्रशिक्षण आणि लहान वर्ग लागतात. ते देण्याची तयारी कोणत्याच सरकारने दाखवली नाही.

नाईक १९६९ पासून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे संस्थापक सदस्य-सचिव होते. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी भारतीय शिक्षणाची कोंडी एका त्रिकोणाच्या रूपात मांडली. समता, गुणवत्ता आणि विस्तार या त्याच्या तीन बाजू. विस्तार केला की गुणवत्ता घसरते आणि गुणवत्ता जपायची तर समतेचा बळी द्यावा लागतो, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. ज्या व्यवस्थेत मूठभर मुले उत्तम शिकतात आणि बाकीची गळून पडतात, तिला गुणवत्तापूर्ण म्हणणे ही त्यांच्या दृष्टीने हिशेबातील चूक होती. गळून पडलेल्यांना वजा करून काढलेली सरासरी खरी नसते, हे गणिताच्या पदवीधराला वेगळे सांगावे लागत नव्हते.

ते स्वतःच्या कामाचेही कठोर परीक्षक होते. अखेरच्या वर्षांत शिक्षण आयोगाच्या फलिताचा आढावा घेताना, आयोगाच्या मूलगामी सूचना बाजूला पडल्या आणि सोयीच्या तेवढ्या उचलल्या गेल्या, हे त्यांनी लपवले नाही.

पुण्यातील अखेरचे पर्व

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय शिक्षण संस्था पुण्यात कोथरूड येथे नव्याने उभी राहिली आणि दिल्ली सोडून नाईक पुण्यात स्थायिक झाले. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक या स्वतः नामवंत शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक म्हणून काम केले आणि पुढे त्या योजना आयोगाच्या सदस्य झाल्या. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प या दाम्पत्याच्या पुढाकाराने सुरू झाला. गुरे राखणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी सुमारे दोन तासांचे वर्ग भरत. शिकवणारा गावातलाच असे. वेळ मुलांच्या सोयीने ठरे. नेहमीच्या परीक्षेऐवजी मुलांचे जत्रेसारखे मेळावे भरवून, खेळांतून आणि परस्परांच्या मदतीने त्यांना काय आले हे पाहण्याची पद्धत या कामात पुढे रुजली. ज्या मुलाने शाळा परीक्षेच्या भीतीने सोडली, त्याला परत आणायचे तर पुन्हा तीच भीती समोर ठेवून चालणार नव्हते.

या विचाराची गरज केवळ डोंगराळ खेड्यांपुरती नव्हती. नाना-भवानी पेठेतील घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला, तसे हमाल, तोलणार आणि भाजी निवडणाऱ्या बायका यांच्या कष्टांवर चालणारे एक वेगळे शहर येथे वसले. पहाटे मालमोटारी रिकाम्या होतात, गाळ्यांवर ढीग लागतात आणि प्रत्येक मालाची प्रत ठरते. गुळाचे एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे भाव रोज वर्तमानपत्रांत छापून येतात. कांद्यात गोळा आणि गोल्टी वेगळी केली जाते. व्यापाराला ही प्रतवारी हवीच. तीवाचून शेतकऱ्याला दाम आणि ग्राहकाला खात्री मिळणार नाही. पण ढेपेचा नंबर ठरला की तिचे काम संपते, ती विकली जाते. मूल त्या क्षणानंतरही वाढत असते. शाळेने त्याची प्रत ठरवून त्याला बाजूला काढले, तर नुकसान त्याचे आणि समाजाचेही होते.

कामाच्या शोधात शहरात आलेल्या कुटुंबांतील मुलांची शाळा हंगामाप्रमाणे तुटते. सुगीला गावी जाऊन परतलेल्या मुलीला गुणपत्रिका विचारली, तर ती दोन चाचण्यांना गैरहजर एवढेच दिसते. तिला वाचता येते का, हातचा घेऊन बेरीज करता येते का, असे विचारले, तर तिला कोठून पुढे न्यायचे ते शिक्षकाला कळते. आईबरोबर वजनकाट्याशी उभी राहणारी मुलगी तोंडी हिशेबात वर्गातील इतरांहून पुढेही असू शकते. गुण आणि येणे यांतला हा फरक नाईक आयुष्यभर सांगत राहिले.

याच काळात त्यांनी आरोग्यसेवेच्या प्रश्नातही लक्ष घातले. सामाजिक विज्ञान आणि वैद्यकीय संशोधन या दोन परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटाचा सर्वांसाठी आरोग्य या विषयावरील अहवाल १९८१ मध्ये आला, त्यात त्यांचा मोठा सहभाग होता. त्याच वर्षी, ३० ऑगस्ट रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले. चित्राताईंनी अनौपचारिक शिक्षणाचे काम पुढे अनेक वर्षे चालवले. त्यांचे निधन २०१० मध्ये झाले.

नाईकांच्या पश्चात

नाईक गेल्यानंतरच्या साडेचार दशकांत त्यांच्या सूचना वेगवेगळ्या नावांनी परत आल्या. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा पुरस्कार केला. डॉ. रवींद्र दवे यांच्या समितीने १९९१ मध्ये प्राथमिक इयत्तांसाठी किमान अध्ययन क्षमता निश्चित केल्या आणि महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित म्हणून ओळखला गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच इयत्तेत अडकवण्यास मनाई केली आणि वयानुरूप वर्गात प्रवेशाबरोबर विशेष प्रशिक्षणाची तरतूद केली. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक व संकलित मूल्यमापन आणि श्रेणी आल्या. २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना मांडली. दरम्यान राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवले आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील अनुत्तीर्ण हा शेराही गेला. आयोगाच्या शिफारशीनंतर सुमारे अर्धे शतक लोटले होते.

या वाटेवर ठेचाही लागल्या. क्षमतांच्या याद्या लांबत गेल्या आणि शिकवण्याऐवजी रकाने भरण्यात शिक्षकांचा वेळ जाऊ लागला. नापास न करण्याचे धोरण आले, पण मागे पडलेल्या मुलाला वेगळी मदत देण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी उभी राहिली नाही. परिणामी लोकांनी त्याला ढकलपास हे नाव दिले. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या परीक्षेची वाट पुन्हा मोकळी झाली आणि महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये त्या इयत्तांसाठी वार्षिक परीक्षेचा निर्णय घेतला. अमेरिकेतही हाच अनुभव आला. तेथे २००२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने शाळांना ठरावीक पातळ्या गाठण्याची सक्ती केली आणि न गाठणाऱ्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार ठेवली. पाहता पाहता पातळ्या मागे पडल्या आणि चाचणीची तयारी हेच शिक्षण झाले. निकालांवर अनुदान देणाऱ्या व्हिक्टोरियन काळातील पद्धतीचाच तो नवा अवतार होता.

आयोगाच्या अहवालातील दोन्ही अर्ध्या भागांचे नाते येथे लक्षात येते. नापासाचा शिक्का काढणे हा एक भाग. मुलाला काय येत नाही ते ओळखून तेथे हात देणे हा दुसरा. पहिला स्वस्त आहे, कारण तो परिपत्रकाने होतो. दुसऱ्यासाठी पुरेसे शिक्षक, लहान पटाचे वर्ग आणि शिक्षकांवर विश्वास ठेवणारे प्रशासन लागते. आपण अनेकदा पहिला घेतला आणि दुसरा पुढे ढकलला. मग मुले शिकत नाहीत असे दिसताच, दोष परीक्षा नसण्याला देऊन पुन्हा परीक्षेकडे धाव घेतली.

पालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. अकरावी, अभियांत्रिकी, वैद्यकीय प्रवेशाच्या रांगेत अखेर आकडाच विचारला जातो, तेव्हा आकड्याला घाबरू नका असे त्यांना सांगणे पोकळ ठरते. चांगल्या शाळा आणि चांगली महाविद्यालये थोडी आहेत, म्हणून गाळण्याची चाळणी लागते आणि ते काम गुण करतात. परिसरातील प्रत्येक शाळा चांगली असावी आणि सर्व थरांतील मुले तेथे एकत्र शिकावीत, ही आयोगाची सूचना म्हणूनच मूल्यमापनाच्या सुधारणेपासून वेगळी काढता येत नाही. शाळांतील विषमता तशीच ठेवून केवळ प्रगतीपत्रकाचा नमुना बदलला, तर पालक नव्या नमुन्यातूनही टक्केवारीच शोधून काढतील.

नाईक यांनी घडवलेला आराखडा आता साठ वर्षांचा होत आला आहे. त्यातील शब्द शासनाने स्वीकारले आहेत. त्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि माणसे अजून द्यायची आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे उद्दिष्ट १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांत आले आणि अद्याप गाठले गेलेले नाही. ज्या दिवशी एखाद्या वर्गातील गुरुजींना किंवा बाईंना प्रत्येक मुलाजवळ दहा मिनिटे बसून त्याला काय येते आणि कोठे अडते हे पाहण्याइतकी उसंत मिळेल, त्या दिवशी नवव्या प्रकरणाची अंमलबजावणी सुरू झाली असे म्हणता येईल.